मोठ्या मापाचे इंजेक्टर

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट म्हणून माझ्या मुलीनं घरातल्या जुन्या छोट्या गाडीला सुपरचार्जर बसवायचं ठरवलं. मी विचारलं, "त्यानं काय होतं?"

ती म्हणाली, "इंजिनात हवा दाबून भरली जाते, पप्पा. जास्त हवा, जास्त ताकद."

"मग बसव की."

मी ताकदीला कधी नाही म्हणत नाही. कुपवाडला माझं वर्कशॉप आहे, पाण्याच्या पंपाचे शाफ्ट आणि इंपेलर करतो. मागच्या शेडचा एक कोपरा तिला मोकळा करून दिला. सुपरचार्जर तिनं जुना, दुसऱ्या गाडीचा मिळवला. तो इंजिनाला धरून ठेवणारा ब्रॅकेट आणि त्याची पुली आमच्याच लेथवर झाली. माझे कामगार जेवणाच्या सुट्टीत तिच्याभोवती जमायचे आणि मी लांबून ओरडायचो, "आरं, बघताय काय, पंप कोण करणार?" पण मनातून मी फुगलेला असायचो. आटपाडीकडच्या माळावरून मी सांगलीला आलो ते मार्केट यार्डात हळदीची पोती उचलायला. माझी मुलगी माझ्याच शेडमध्ये उभी राहून इंजिन बदलत होती.

पोती उचलण्याबद्दल मला लाज नाही. लाज बाळगायला लावणारे लोक मात्र भरपूर भेटले. बँकेत गेलो तर साहेब माझ्या अकाउंटंटकडं बघून बोलतो. लग्नात कुणी ओळख करून देताना हळूच सांगतो, "हे पूर्वी यार्डात होते." मग माझं डोकं फिरतं. मी काही विसरत नाही. कोण कधी मला डावलून बोललं, ते मला जागेसकट आठवतं.

यार्डात मी एक विद्या मात्र शिकलो. तिथं हळदीचा भाव तोंडानं बोलत नसत. रुमालाखाली हातात हात घालायचा आणि बोटं दाबून सांगायचं. भोवती पन्नास माणसं उभी असली तरी काय ठरलं ते दोघांनाच ठाऊक. आणि एकदा हात सुटला की सौदा पक्का. नंतर माल वाईट निघाला, भाव पडला, काही झालं तरी मागं फिरायचं नाही. जो फिरला त्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नसे. मी रुमालाखाली हात घालणारा नव्हतो, पोतं घेऊन शेजारी उभा राहणारा होतो. पण माणसाचं तोंड बघून त्याची बोटं काय म्हणत असतील ते ओळखायला शिकलो. पुढं धंदा उभा केला तो त्याच्यावर. घेतलेला माल मी कधी परत केला नाही आणि सांगितलेल्या किमतीला कधी काही घेतलं नाही.

तर, गाडीचं काम इंजेक्टरपाशी आलं. इंजेक्टर म्हणजे इंजिनात पेट्रोलचा फवारा मारणारी बोटाएवढी नळी. चार सिलिंडरला चार. मुलगी म्हणाली, "हवा वाढली की पेट्रोलही त्या मानानं वाढलं पाहिजे. नाहीतर मिश्रण कोरडं होतं आणि पिस्टन जळतो. कंपनीचे इंजेक्टर सतत उघडे ठेवले तरी पुरणार नाहीत." आठवडाभर ती रोज संध्याकाळी हिशेब करत बसली होती. इंजिन किती ताकद देईल, त्याला किती पेट्रोल लागेल, इंजेक्टरला थोडी विश्रांती मिळायला हवी ती किती. शेवटी तिनं माप काढलं. मिनिटाला दोनशे सत्तर मिली सोडणारे. शिवाय फवारा एका धारेचा नको, दोन धारांचा हवा, कारण आमच्या इंजिनात हवा आत घ्यायला दोन-दोन झडपा आहेत आणि पेट्रोल बरोबर त्यांच्या पाठीवर पडलं पाहिजे.

"थोडे मोठे घ्यायचे नाहीत का?" मी विचारलं.

"थोडे मोठेच आहेत ते, पप्पा."

सांगली-कोल्हापुरात तसे मिळेनात. साताऱ्यात हायवेलगत अशा सामानाचं एक दुकान आहे असं तिला कळलं. मी म्हटलं, मी येतो. तिनं माझ्याकडं जरा बघितलं आणि म्हणाली, "बोलणं मी करीन." मी म्हटलं, "कर की. मी गप बसतो."

दुकानदार तिशीतला, पुण्याला राहून आलेला पोरगा. काचेच्या कपाटात मखमलीवर दागिने ठेवावेत तसे सुटे भाग मांडलेले. मुलीनं मागितलं, त्यानं समजल्यासारखी मान हलवली, आणि दोघांचं सुरू झालं. अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी. मी मध्ये विचारलं, "हे कुठल्या बनावटीचे?" त्यानं उत्तर दिलं ते मुलीकडं बघून. मी पुन्हा विचारलं, "गॅरंटी काय?" पुन्हा तिच्याकडंच बघून म्हणाला, "इलेक्ट्रिकल पार्टला गॅरंटी नसते." आणि मग माझ्याकडं वळून, अगदी गोड आवाजात, "काका, तुम्ही बसा ना. पंखा तिकडं आहे. चहा सांगू?"

झालं. तिथंच माझं टाळकं सटकलं.

मी बसलो नाही. काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि विचारलं, "याच्यापेक्षा मोठे हायत का?"

"आहेत. चारशे चाळीसचे. पण ते मोठ्या टर्बो गाड्यांना. तुम्हाला नाही लागणार."

"दाखव."

त्यानं मागच्या फळीवरून एक डबा काढला. झाकणावर धूळ होती आणि ती त्यानं बाहीनं पुसली. मी ते बघितलं. हे इथं सांगितलं पाहिजे, की मी ते बघितलं होतं.

"पप्पा, ते नकोयत आपल्याला," मुलगी म्हणाली.

"किमतीत फरक किती?"

त्यानं सांगितला. मी म्हटलं, "लहानाच्या किमतीत मोठे दे."

"काका, यात मोठं म्हणजे चांगलं असं नसतं."

"मला शिकवतोस व्हय रं? माल तुझ्याकडं कवापासून पडून हाय ते सांगू का? धूळ तूच पुसलीस. लहानाच्या किमतीत मोठे दे, न्हाईतर दोन्ही ठेव. आमी कोल्हापूरला जातो."

"पप्पा, ऐका ना. फवारा एकाच धारेचा आहे याचा. आणि इंजिन जागेवर…"

"तू गप. व्यवहारात बोलू नकोस."

हे मी दुकानात, त्या पोरासमोर बोललो. दुकानदारानं एकदा तिच्याकडं बघितलं. मग म्हणाला, "ठीक आहे, घ्या."

फार लवकर म्हणाला. मी आणखी दोन वेळा उठून जायचं नाटक करायच्या तयारीत होतो. तशी गरजच पडली नाही. कराड मागं पडलं तेव्हा मला कळलं होतं की पडून राहिलेला माल माझ्या गळ्यात गेला. एवढी वर्षं मी लोकांच्या गळ्यात माल घातला, मला ते कळणारच. पण पेठ नाक्यावर चहाला थांबलो तेव्हा मी मुलीला म्हणालो, "बघितलंस? अशी घासाघीस करायची असते." ती चहात बिस्किट बुडवून बसली होती. ते गळून पडलं तरी तिचं लक्ष नव्हतं.

इंजेक्टर बसवले. गाडी सुरू झाली आणि लगेच बंद पडली. पुन्हा सुरू केली, घरघरली, मागून काळा धूर आला, बंद पडली. ॲक्सिलेटर दाबून धरला तर चालायची. मी तशीच मिरज रोडला नेली आणि काय पळाली! मोकळ्या रस्त्यावर दाबली तर मोठ्या गाड्या मागं टाकल्या. परत येऊन मी सगळ्या कामगारांसमोर म्हटलं, "काय वाईट हाय? विमान झालंय विमान!"

मुलगी म्हणाली, "पळवायला कुणी सांगितलंय? परीक्षेत गाडी सुरू राहिली पाहिजे. जागेवर, शांत. धूर तपासतात."

मग तिनं मला समजावून सांगितलं. रागानं नाही, एखाद्या गिऱ्हाइकाला सांगावं तसं. इंजेक्टर उघडायला आणि मिटायला थोडा वेळ लागतोच. गाडी जागेवर उभी असते तेव्हा इंजिनाला अगदी थोडं पेट्रोल पुरतं. पण हे इतके मोठे की क्षणभर उघडून मिटले तरी जास्तच सांडतात. त्यात एकच धार, ती दोन झडपांच्या मधल्या भिंतीवर आपटते. तिथं पेट्रोल ओलं राहतं, जळत नाही. तिनं इंजिनातल्या ऑईलची पातळी बघायची पट्टी काढून माझ्या नाकाखाली धरली. न जळलेलं पेट्रोल खाली उतरून ऑईलला त्याचा वास येत होता.

मला सगळं समजलं. त्याचं वाईट वाटलं ते यासाठी की हे मला आधीपासून ठाऊक होतं. माझ्याकडं शेतकरी येतात, बोअरला पाणी दोन इंच आणि पंप मागतात शेजाऱ्यापेक्षा मोठा. बोअर दहा मिनिटांत कोरडी पडते आणि मोटर जळते. मग मीच कामगारांत बसून त्यांना हसतो. म्हणतो, पाण्यासाठी न्हाई, शेजाऱ्यासाठी पंप घेत्यात.

"परत देऊन येऊ या," ती म्हणाली. "त्यांनी सांगितलं होतं आपल्याला. कदाचित बदलून देतील."

"घेतलेला माल मी परत करत नसतो."

"मग लहान वेगळे घेऊ."

"आणि हे काय चुलीत घालू?"

बायको आतून म्हणाली, "आवं, तिची परीक्षा हाय का तुमची?"

मी तिच्यावरही ओरडलो. त्यानंतर घरात गाडीचा विषय निघायचा थांबला. मुलगी रोज गाडीला लॅपटॉप जोडून बसायची, पेट्रोल किती सोडायचं त्याचे आकडे खाली-वर करायची. स्पार्क प्लग काढायची, काळे झालेले असायचे, पुसून पुन्हा घालायची. तिच्या प्रोजेक्टच्या गटातली मुलं यायची आणि मी दिसलो की बोलणं थांबवायची. तिनं कशीबशी गाडी दोन-तीन मिनिटं जागेवर सुरू राहील इथपर्यंत आणली. इंजिन चांगलं तापलेलं असेल तर.

परीक्षेच्या दिवशी गाडी मी चालवत नेली. मीच म्हटलं होतं, "तू आरामात ये, डोकं शांत ठेव." खरं म्हणजे मला बघायचं होतं. कॉलेजच्या मागच्या पटांगणात गाड्या लावल्या होत्या. बाहेरगावहून आलेले परीक्षक, पन्नाशीचे, हलक्या आवाजाचे गृहस्थ, एकेक गाडी बघत येत होते. त्यांना यायला उशीर झाला आणि आमचं इंजिन गार पडलं.

मुलीनं चावी फिरवली. गाडी घरघरली, काळा धूर सोडला आणि बंद पडली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा सुरूच होईना. पेट्रोलचा वास सगळ्या पटांगणात पसरला. परीक्षकांनी बॉनेटखाली वाकून बघितलं आणि विचारलं, "तुमच्या गणितात माप दोनशे सत्तरचं आहे. गणित बरोबर आहे. मग हे कुठून आले?"

"निवड माझी होती, सर."

"गणित एक आणि निवड दुसरी? कारण?"

"चुकली, सर."

गटातली तिन्ही मुलं जमिनीकडं बघत होती. त्यांना माहीत होतं. मी पटांगणाच्या कडेच्या शेडच्या खांबाला टेकून उभा होतो, दहा पावलांवर. मी आयुष्यात गप राहिलेलो नाही. सरकारी ऑफिसात, बँकेत, भर लग्नात, कुठंही मी आवाज चढवलाय. त्या वेळी दोन शब्द पुरे होते. साहेब, तिची चूक न्हाई, माझी. तोंडात आले होते.

परीक्षकांनी मान वर केली तेव्हा मी त्यांना दिसलो. त्यांनी सहज विचारलं, "आणि हे कोण?"

मुलगी बोलायच्या आधी मी म्हणालो, "मी गाडी घेऊन आलोय, साहेब."

त्यांनी मान हलवली. म्हणजे ड्रायव्हर, असं त्यांनी धरलं. धरणारच. तेलाचे डाग पडलेली पँट होती माझी. त्यांची नजर माझ्यावरून सरकून पुढं गेली. तीच नजर, जिच्यामुळं मी आयुष्यभर लोकांशी भांडलो. त्या दिवशी ती मी स्वतः मागून घेतली, आणि ती अंगावरून निघून गेली तेव्हा मला हायसं वाटलं. हे लिहायला मला सगळ्यात जड जातंय. चुकलो त्यापेक्षा, हायसं वाटलं त्याची लाज वाटते.

मुलीनं माझ्याकडं एकदा बघितलं. मग परीक्षकांकडं वळली. ते म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मी पुन्हा येणार आहे. तेव्हा चालू स्थितीत दाखवा. नाहीतर हा भाग मला शून्य धरावा लागेल."

परत येताना गाडी दोरीनं बांधून टेम्पोमागं आणावी लागली. ती माझ्या शेजारी बसली होती. मी स्टिअरिंग धरून म्हणालो, "माझं नाव सांगायचं होतंस."

"काय सांगायचं? पप्पांनी घासाघीस केली म्हणून?"

"खरं तेच सांगायचं."

"मला लाज वाटली," ती म्हणाली. "तिथं सगळ्यांचे आई-वडील उभे होते. मला सांगायला लाज वाटली, पप्पा. तुम्हाला वाचवायला नाही गप बसले मी."

मी एवढा वेळ समजत होतो की पोरीनं बापाला सांभाळून घेतलं. तेवढाही आधार राहिला नाही. विश्रामबागच्या सिग्नलला टेम्पो थांबला, दोरी सैल पडली, पुन्हा ताणली गेली आणि गाडीला धक्का बसला. दोघंही पुढं झुकलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटा साताऱ्याला गेलो. एसटीनं. मोठ्या इंजेक्टरचा डबा पिशवीत घालून मांडीवर ठेवला होता. दुकान उघडायच्या आधीच पोचलो आणि शटरसमोर उभा राहिलो. परतायचा विचार दोनदा आला. हात सुटल्यावर मागं फिरणाऱ्यांना यार्डात काय काय बोलायचे ते मला पाठ होतं, त्यातलं बरंच मीही बोललो होतो.

पोरगा आला. मला बघून कुलूप काढता काढता थांबला. "काका? एवढ्या सकाळी?"

मी डबा काउंटरवर ठेवला. "हे बदलून पायजेत. माझी मुलगी म्हणत होती ते दे. दोन धारांचे."

त्यानं डबा उघडून बघितला. "वापरलेत. परत नाही घेता येणार."

"मग नकोस घेऊ. ते नवीन दे."

त्यानं किंमत सांगितली. मी खिशात हात घातला. तो माझ्याकडं बघत राहिला, बहुतेक मी ओरडायची वाट बघत असावा. मग म्हणाला, "तुमच्यासाठी थोडं कमी करतो, काका."

"कमी करू नकोस!" मी ओरडलो. शेजारच्या पंक्चरवाल्यानं डोकं बाहेर काढून बघितलं. "सांगितली ती किंमत घे. एक रुपया कमी करू नकोस."

तो घाबरला बिचारा. इंजेक्टर कागदात गुंडाळताना त्यानं हळूच विचारलं, "ताईंचं प्रोजेक्ट झालं का?"

"अडकलंय. माझ्यामुळं."

हे शब्द मी पहिल्यांदा बोललो ते या माणसासमोर. त्याच्याबद्दलचा राग अजून गेलेला नाही, हेही लिहून ठेवतो. धूळ पुसून त्यानं माल विकला. त्यानं पहिल्याच प्रश्नाला माझ्या तोंडाकडं बघून उत्तर दिलं असतं तर मी गप बसलो असतो, असं मला आजही वाटतं. पण तो मला सांगत होता, आणि माझी मुलगी सांगत होती, आणि मी दोघांचंही ऐकलं नाही. त्याची नजर कुठं होती याच्याशी माझ्या न ऐकण्याचा संबंध नाही. हे मला कळतं. राग तरीही राहतोच.

यावेळी त्यानं माझ्याकडं बघून समजावलं, खालच्या रबरी रिंगा बसवताना तेलाचा हात लावा, कोरड्या घालू नका, फाटतात. मी म्हटलं, "सांगतो तिला."

घरी येऊन पुडकं तिच्या टेबलावर ठेवलं. तिनं उघडून बघितलं, मापं बघितली. कितीला घेतले असं तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. इंजेक्टर तिनं आणि तिच्या गटानं बसवले. मी पुढच्या शेडमध्ये शाफ्ट मोजत उभा राहिलो. मला कुणी बोलावलं नाही, मीही गेलो नाही. दुपारी इंजिन सुरू झाल्याचा आवाज आला आणि तो बंद पडला नाही. एक कामगार म्हणाला, "मालक, बसली की गाडी जाग्यावर." मी त्याला म्हटलं, "तू तुझं काम बघ."

पुढच्या आठवड्यात गाडी तिनं स्वतः नेली. मी येऊ का, असं मी विचारलं नाही. संध्याकाळी ती परत आली तेव्हा मी स्वयंपाकघरात ताटावर बसलो होतो. बायकोनं विचारलं, "काय झालं गं?"

"झालं. धूर तपासला, बरोबर निघाला. गणित आणि निवड आता जुळतेय म्हणाले."

बायकोनं देवाला हात जोडले. मुलगी हात धुऊन माझ्यासमोर बसली.

मी विचारलं, "आणखी काही विचारलं त्यांनी?"

"विचारलं. आज गाडी घेऊन कोण आलं म्हणाले, ते ड्रायव्हर कुठं आहेत. मी म्हटलं, मीच घेऊन आले. आणि ते ड्रायव्हर नव्हते, माझे वडील होते."

बायकोचा हात परातीत थांबला. तिला त्या दिवसाचं हे ठाऊक नव्हतं.

"मग काय म्हणाले?"

"काही नाही. एकदा माझ्याकडं बघितलं आणि पुढचा प्रश्न विचारला."

हलक्या आवाजात बोलणारे सभ्य गृहस्थ ते. बाप असून मी ड्रायव्हर का म्हणवून घेतलं, ते त्यांना समजलं असणार. माझं माप त्यांना आता बरोबर ठाऊक आहे, आणि ते सांगायला माझीच मुलगी उभी होती, लाज न वाटता. मागच्या आठवड्यात तिला लाज वाटली होती. या आठवड्यात ती सरळ बोलली, मग ती लाज कुठं गेली, ते मी तिला विचारू शकलो नाही.

बायकोनं गरम भाकरी आधी तिच्या ताटात टाकली, मग माझ्या. मी खाली मान घालून जेवलो.